भट्टीने गिळलेला हिशेब

कापडाच्या दुकानात परत आलेली साडी मालकाच्या नजरेआड होत नाही. घडी मोडलेली, किमतीची चिठ्ठी सुटलेली अशी ती फळीवर पडून राहते आणि दिवाळीच्या मालमोजणीत पुन्हा हातात येते. किराणा व्यापारात किडलेल्या डाळीचे पोते वेगळे काढून ठेवतात. जाता-येता ते दिसते आणि पुढची खरेदी कोणाकडून करू नये, हे त्या पोत्याकडे पाहूनच समजते. बिडाच्या ओतकामात मात्र असे घडत नाही. वाळूच्या साच्यातून सदोष निघालेला भाग फोडून पुन्हा भट्टीत टाकतात. सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या रसात तो विरघळतो आणि दुसऱ्या दिवशी नव्या मालाच्या रूपाने बाहेर पडतो. लोखंड वाया जात नाही, म्हणून काहीच वाया गेले नाही असे वाटते. वीज, वाळू, मजुरी, वेळ आणि व्याज यांचे काय झाले, हे विचारण्यासाठी समोर पुरावाच उरलेला नसतो.

कोल्हापूरच्या परिसरात ओतकामाचे असे लहानमोठे सुमारे तीनशे कारखाने आहेत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत या तिन्ही ठिकाणी दिवसरात्र भट्ट्या चालतात. इंजिनाचे ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, ब्रेक ड्रम, पंपाचे आणि व्हॉल्व्हचे भाग, ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स असा माल येथून देशभरातील वाहन व यंत्र उत्पादकांकडे जातो, काही परदेशी जातो. फौंड्री स्वतःची नसली तरी भंगार, पिग आयर्न, बेंटोनाइट, हार्डवेअर, वाहतूक किंवा सावकारी पतपुरवठा या कोणत्या ना कोणत्या धाग्याने शहरातील बहुतेक व्यापारी घराणी या भट्ट्यांशी जोडलेली आहेत. म्हणून ‘समग्र गुणवत्ता व्यवस्थापन’ किंवा उद्योगक्षेत्रात ज्याला सर्रास टीक्यूएम म्हणतात, त्या विषयाकडे कोल्हापुरातून पाहायचे तर फौंड्रीच्या दारातूनच आत जावे लागते. येथे त्याचा अर्थ सरळ आहे. भट्टीने गिळलेला हिशेब पुन्हा कागदावर आणायचा, आणि दोष कामगाराच्या हातात शोधण्यापूर्वी मालकाच्या पद्धतीत शोधायचा. यातील दुसरा भाग अवघड आहे आणि बहुतेक ठिकाणी गाडे तेथेच अडते.

कोल्हापूरला कारागिरीची परंपरा नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि १९०६ मध्ये कापड गिरणीचा पाया घातला. व्यापार आणि उद्योग यांना एकाच गावात जागा मिळाली ती तेव्हापासून. बाबूराव पेंटर यांनी तर येथेच चित्रपटाचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. स्वातंत्र्यानंतर पंचगंगा, भोगावती यांच्या काठावरील शेतीला उपसा पाण्याची गरज भासू लागली, तेव्हा शिवाजी उद्यमनगरातील मेस्त्रींनी ऑइल इंजिने बनवण्यास सुरुवात केली. शास्त्रशुद्ध रेखाचित्रे क्वचितच असत. इंजिन खोलायचे, प्रत्येक भाग हातात घेऊन पाहायचा, त्याचा लाकडी नमुना करायचा आणि ओतायचे. या धाडसातून एक उद्योगनगरी उभी राहिली, हे विसरून चालणार नाही.

मात्र त्या काळातील ज्ञान मेस्त्रीच्या बोटांत होते. वाळू मुठीत दाबायची, मूठ उघडायची, गोळा मोडून पाहायचा आणि सांगायचे की पाणी बरोबर आहे. रसाचा रंग पाहून तापमान ओळखायचे. हा अंदाज थक्क करणारा असे आणि बहुधा अचूकही. अडचण एवढीच की तो मेस्त्रीबरोबर घरी जात असे. तो रजेवर गेला, आजारी पडला किंवा शेजारच्या कारखान्याने चार पैसे जास्त देऊन त्याला नेला, की कारखान्याची गुणवत्ताही त्याच्यामागे जात असे. शेतकऱ्याच्या विहिरीवरील इंजिनाला थोडा फरक खपत होता. मोटार उत्पादकाच्या जुळणी-साखळीवर, जेथे दर मिनिटाला यंत्र थांबल्याचे पैसे मोजले जातात, तेथे तो खपेना. एकाच मापाचे दहा हजार भाग हवे असतील तर दहा हजारांवा भागही पहिल्यासारखाच असावा लागतो.

हा प्रश्न कोल्हापूरचा एकट्याचा नव्हता. अमेरिकेत टेलिफोनची यंत्रे बनवणाऱ्या उद्योगात काम करणारे वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये त्यावर एक साधा तक्ता सुचवला. कोणत्याही कामात थोडा चढउतार राहणारच. तो नेहमीचा चढउतार कोणता आणि काहीतरी बिनसल्याची खूण कोणती, हे दोन मर्यादारेषा आखून ओळखता येते, एवढीच त्यांची कल्पना होती. हे श्यूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले होते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या कोलकात्यातील भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून त्यांनी येथील गिरण्या-कारखान्यांना या पद्धतीची ओळख करून दिली. त्यांचेच विचार पुढे नेणारे एडवर्ड्स डेमिंग १९५० मध्ये जपानमधील शास्त्रज्ञ व अभियंत्यांच्या संघासमोर व्याख्याने देण्यास गेले. म्हणजे जपानला जे डेमिंगकडून ऐकायला मिळाले, ते भारताने त्यांच्या गुरूच्या तोंडून दोन वर्षे आधीच ऐकले होते. फरक ऐकणाऱ्यांत होता. जपानमध्ये डेमिंग यांच्यासमोर अभियंत्यांबरोबर कंपन्यांचे सर्वोच्च प्रमुखही येऊन बसले. आपल्याकडे तो विषय प्रामुख्याने संख्याशास्त्रज्ञांचा राहिला, आणि बाजारात जे येईल ते खपत असल्याने पेढीवरच्या माणसाला तो शिकण्याची निकडही नव्हती. जपानने १९५१ मध्ये डेमिंग यांच्या नावाचे पारितोषिक सुरू केले. ते मिळवणारी पहिली भारतीय कंपनी म्हणजे सुंदरम क्लेटन, आणि तिचे वर्ष होते १९९८.

फौंड्रीवाल्यांनी विशेष लक्षात ठेवावे असे वर्ष मात्र २००३ आहे. त्या वर्षी ब्रेक्स इंडिया कंपनीच्या तमिळनाडूतील शोळिंगूर येथील ओतकाम विभागाला डेमिंग पारितोषिक मिळाले. वाळू, धूर आणि उष्णता यांच्या धंद्यात अशी शिस्त शक्यच नाही, ही सबब त्या दिवशी संपली. त्याच वर्षी महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागालाही हे पारितोषिक मिळाले. ट्रॅक्टर बनवणाऱ्या कंपनीला ते मिळण्याची ती जगातील पहिलीच वेळ. २००७ मध्ये याच विभागाने जपान क्वालिटी मेडल हा त्याहून वरचा सन्मान मिळवला. ग्राहक असा वरच्या पायरीवर गेला की तो पुरवठादाराला खाली राहू देत नाही. सुट्या भागांच्या भारतीय उद्योगाला दीर्घकाळ मार्गदर्शन करणारे जपानी प्राध्यापक योशिकाझू त्सुदा यांच्या कामातून पुरवठादारांनी गटाने एकत्र शिकण्याची पद्धत येथे रुळली. एकमेकांच्या कारखान्यात जायचे, दोष दाखवायचे आणि स्वतःचेही दाखवू द्यायचे. शेजाऱ्याला आपल्या शेडमध्ये पाऊल टाकू न देणाऱ्या आपल्या व्यापारी स्वभावाला हे पचायला जड होते.

आता प्रत्यक्ष काम कसे चालते, ते पाहू. ओतकामाची वाळू म्हणजे सिलिका वाळू, बेंटोनाइट माती, कोळशाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण. पाण्याचे प्रमाण साधारणपणे ३ ते ४ टक्के. ते कमी झाले तर साचा ढासळतो आणि वाळूचे कण मालात शिरतात. जास्त झाले तर तापलेल्या रसाच्या स्पर्शाने वाफ होते, ती बाहेर पडू शकत नाही आणि मालात पोकळ्या राहतात, ज्यांना कारखान्यात ब्लो होल म्हणतात. कोल्हापूरचा पाऊस सर्वांना ठाऊक आहे. जुलैत उघड्यावरची वाळू ओली होते, गाभे दमट होतात, हवेतच पाणी असते. पावसाळ्यात नापास माल वाढायचाच, असे म्हणून पूर्वी तो विषय तेथेच सोडून देत. फार झाले तर साचा करणाऱ्या कामगाराला बोल लावला जाई.

समग्र गुणवत्तेची पद्धत येथे वेगळा रस्ता धरते. नापास झालेला प्रत्येक भाग भट्टीत जाण्यापूर्वी एका कागदावर नोंदला जातो. कोणता भाग, कोणता दोष, कोणती पाळी, कोणता साचा, किती वाजता. महिन्याभराने या नोंदी मोठ्यापासून लहानापर्यंत क्रमाने मांडल्या की दिसते, की दोषांचे प्रकार पंधरा असले तरी बहुतेक नुकसान दोन-तीन प्रकारांतून होते. मग त्यांपैकी एक घ्यायचा आणि त्याची कारणे माणूस, यंत्र, माल आणि पद्धत अशा फांद्यांवर मांडायची. जपानच्या काओरू इशिकावा यांनी रूढ केलेली ही आकृती माशाच्या काट्यासारखी दिसते. या बैठकीत साचा करणारा कामगार बसलाच पाहिजे, कारण वाळू किती वाजता बदलते हे त्याच्याइतके कोणालाच माहीत नसते. इशिकावा यांनी १९६२ मध्ये कामगारांची गुणवत्ता मंडळे सुरू केली. भारतात ती प्रथम १९८०च्या सुमारास हैदराबादजवळील भेल कारखान्यात आली.

समजा, अशा बैठकीत नोंदींवरून दिसले की पोकळ्यांचा दोष सकाळच्या पहिल्या दोन तासांत आणि जेवणाच्या सुटीनंतर वाढतो. म्हणजे पावसाचा दोष दिवसभर सारखा नाही. थोडे खणले की कळते, सुटीत यंत्रातील वाळू तशीच पडून राहते, थंड होते, वरून सवयीने पाणी मारले जाते, आणि तपासणी मात्र दिवसातून एकदाच सकाळी अकरा वाजता होते. उपाय काय, तर दर तासाला ओलावा मोजणे, तो तक्त्यावर टिंबाने मांडणे, टिंब रेषेबाहेर जाऊ लागले की ओतण्यापूर्वीच थांबणे, आणि वाळूवर छप्पर घालणे. यात परदेशी यंत्र कोठेही नाही. छपराचा खर्च मात्र आहे, आणि तो मंजूर करणे कामगाराच्या हातात नसते.

डेमिंग यांचे म्हणणे नेमके हेच होते. कामातील शंभर दोषांपैकी सुमारे ९४ पद्धतीतून उद्भवतात आणि पद्धत ठरवणे व्यवस्थापनाचे काम आहे, असा त्यांचा अंदाज होता. आकडा थोडा इकडेतिकडे होईल. पण शेडवर छप्पर नसताना कामगाराला पावसाबद्दल दंड करणाऱ्या मालकाने तो एकदा तरी वाचावा.

शेवटी तपासू, खराब ते बाजूला काढू, ही समजूत किती तोकडी आहे याचे उदाहरण एसजी आयर्न या प्रकारच्या बिडात मिळते. साध्या बिडात कार्बन पापुद्र्यांसारखा पसरतो, म्हणून ते ठिसूळ असते. रसात मॅग्नेशियम मिसळले की कार्बनच्या गोळ्या होतात आणि बीड चिवट बनते. वाहनांच्या महत्त्वाच्या भागांना हेच लागते. परंतु मॅग्नेशियमचा परिणाम टिकाऊ नसतो. मिसळल्यानंतर साधारण आठ-दहा मिनिटांत रस ओतून व्हावा लागतो. क्रेन अडली, साचा तयार नव्हता, कोणाचा फोन आला आणि वेळ टळली, तर ओतलेला भाग दिसायला तंतोतंत तसाच दिसतो. रंग तोच, माप तेच, वजनही तेच, ताकद मात्र गेलेली. डोळ्यांनी पाहून हा दोष कळत नाही, आणि प्रत्येक भाग तोडून पाहता येत नाही. म्हणून मॅग्नेशियम मिसळल्याची वेळ आणि शेवटचा साचा भरल्याची वेळ या दोन नोंदी म्हणजेच त्या मालाची खरी तपासणी. ती लिहिणारा माणूस खरे लिहितो का, यावर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणा अनोळखी कुटुंबाची सुरक्षितता अवलंबून असते.

आता हिशेबाकडे वळू. समजा, एका मध्यम फौंड्रीत महिन्याला २०० टन सुटे भाग ओतले जातात. ओतण्याचा सर्व खर्च किलोला ९० रुपये, विक्रीचा भाव १०० रुपये आणि नापास भाग भट्टीत परत गेल्यास त्यातील लोखंडाचे मोल ४० रुपये धरू. हे आकडे केवळ सोयीसाठी घेतले आहेत. ज्याने त्याने आपापले घालून पाहावेत. नापास मालाचे प्रमाण ८ टक्के असेल तर १६ टन भट्टीत परत जातात आणि १८४ टन विकले जातात. विक्री झाली १ कोटी ८४ लाख. खर्च १ कोटी ८० लाख, त्यातून परत मिळालेल्या लोखंडाचे ६ लाख ४० हजार वजा केले की राहिले १ कोटी ७३ लाख ६० हजार. शिल्लक १० लाख ४० हजार. आता हेच प्रमाण ४ टक्क्यांवर आले आणि वाढीव माल घेणारा ग्राहक आहे असे समजू. विक्री १ कोटी ९२ लाख, निव्वळ खर्च १ कोटी ७६ लाख ८० हजार, शिल्लक १५ लाख २० हजार. महिन्याला ४ लाख ८० हजार, वर्षाला ५७ लाख ६० हजार रुपये. नफा ४६ टक्क्यांनी वाढला. नवी भट्टी नाही, नवे कर्ज नाही, भावावरून ग्राहकाशी हुज्जतही नाही.

एवढी रक्कम दरमहा जात असताना ती दिसत का नाही? कारण तिला खतावणीत स्वतंत्र खातेच नसते. एक टन बीड वितळवण्यास विजेच्या भट्टीत सुमारे ६०० युनिट लागतात. १६ टनांचे ९,६०० युनिट वीजबिलात मिसळून जातात. मजुरी मजुरीत जाते, वाळू वाळूत जाते. वर्षअखेरीस सनदी लेखापाल ताळेबंद तयार करतात तेव्हा कच्च्या मालाचा वापर थोडा जास्त दिसतो आणि त्याचे खापर बाजारभावावर फोडले जाते. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाची गोष्ट आणखी बिकट आहे. त्यावर यंत्रकाम झालेले असते, दोन वेळचे भाडे लागलेले असते, वर ग्राहकाची डेबिट नोट. ही नोट वादात अडकली की कित्येकदा महिनोन्‌महिने पुस्तकात घेतलीच जात नाही. येणे तसेच फुगलेले दिसते. बँका सामान्यतः ९० दिवसांपुढील येणे ड्रॉइंग पॉवरमध्ये धरत नाहीत. मग कॅश क्रेडिटची मर्यादा अचानक आवळली जाते आणि बँक छोट्या उद्योजकाला त्रास देते, अशी तक्रार सुरू होते. जुन्या येण्यांची यादी घेऊन एकेका रकमेपुढे कारण लिहिले तर निम्म्या ठिकाणी मालाबद्दलचा वाद निघण्याचा संभव असतो. बँकेच्या दृष्टीने आजारी वाटणारे अनेक उद्योग मुळात वाळूत आजारी असतात.

मालकाच्या सवयींविषयी बोलणे थोडे अप्रिय आहे, तरी टाळता येत नाही. पहिली सवय खरेदीची. किलोला पन्नास पैसे स्वस्त मिळाले म्हणून भंगाराचा व्यापारी बदलायचा, आणि त्या भंगारात काय मिसळले आहे हे रासायनिक तपासणीत कळेपर्यंत दोन पाळ्यांचा माल ओतून झालेला असायचा. केवळ किमतीवर खरेदी करू नये, एका पुरवठादाराशी दीर्घ विश्वासाचे नाते ठेवावे, हा डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी एक मुद्दा आहे. आपल्या आजोबांच्या पिढीतील आडतीचे व्यवहार याच तत्त्वावर चालत. तेव्हा त्याला नाव नव्हते. दुसरी सवय महिनाअखेरीची. २५ तारखेपर्यंत काम रेंगाळते आणि मग पाच दिवसांत टनाचा आकडा गाठण्यासाठी सर्व नियम गुंडाळून ठेवले जातात. त्या पाच दिवसांतील माल पुढच्या महिन्यात परत येतो. तिसरी सवय भीतीची. चूक सांगणाऱ्याला बोलणी बसतात हे एकदा कळले की नोंदवही सुंदर होत जाते. सर्व आकडे मर्यादेत, सर्व सह्या जागेवर. अशी वही पाहून मालकाला समाधान वाटते, हे त्या सवयीचे दुर्दैव.

प्रमाणपत्रांचा प्रश्नही याला जोडून येतो. आयएसओ ९००० ही मानके १९८७ मध्ये प्रथम आली, आणि वाहन उद्योगासाठीचे मानक १९९९ पासून चालत येऊन २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ या नावाने स्थिरावले. वाहन कंपनीला थेट माल द्यायचा तर ते हवेच. या मानकांनी लिहून ठेवण्याची सवय लावली, हा त्यांचा मोठा उपकार. परंतु तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री तीन महिन्यांचे तक्ते एकाच शाईने भरणारे कारखानेही आहेत, आणि त्यांच्या दिवाणखान्यातही चौकट तितकीच चकचकीत असते. प्रमाणपत्र ग्राहकासाठी घेतले जाते. सकाळी फाटकाजवळच्या फळ्यावर कालचा नापास माल किलोत आणि रुपयांत लिहिणे हे कोणासाठीही नसते, म्हणून ते खरे असण्याची शक्यता अधिक. काही कारखान्यांत नापास भाग लगेच न वितळवता चोवीस तास लाल रंगाच्या चौकोनात मांडून ठेवण्याची प्रथा आहे. कापड दुकानातील त्या परत आलेल्या साडीसारखेच ते असते.

ज्यांचा फौंड्रीशी संबंध नाही, अशा वाचकांना हे सर्व परके वाटू नये म्हणून शाहूपुरीच्या गूळ बाजाराकडे पाहू. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतील पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बनते का पाहतो. फौंड्रीतील मेस्त्रीचाच तो भाऊ. रानभेंडीच्या रसाने मळी काढणे ही तेथील जुनी रीत. मात्र सौद्यात पिवळ्या धमक रंगाला जादा भाव मिळत गेला, आणि रंग उजळण्यासाठी हायड्रॉस पावडर काहिलीत पडू लागली. दोष कोणाचा? शेतकऱ्याला नावे ठेवणे सोपे आहे. बाजार रंगाचे पैसे देत होता, त्याने रंग दिला. याच जिल्ह्यात १९६३ मध्ये सुरू झालेल्या गोकुळ दूध संघाची रीत याच्या उलट आहे. तेथे गावच्या संस्थेत सकाळ-संध्याकाळ दूध मोजून फॅट आणि इतर घनघटकांवर भाव ठरतो, म्हणून वैरण-पेंडीकडे लक्ष देणे उत्पादकाच्या हिताचे होते. आडतीच्या पेढीवर बसणारा माणूस स्वतः गूळ करत नाही, तरी तो कशाला भाव देतो यावरून गुऱ्हाळातील गुणवत्ता ठरते. समग्र गुणवत्तेतील ‘समग्र’ या शब्दात तोही येतो.

घराण्यांच्या दृष्टीने आजचा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे. वाहन कंपन्या पुरवठादारांची संख्या कमी करत आहेत, आणि मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकी किंवा व्यवस्थापन शिकून परतलेली आहे. वडिलांनी मेस्त्रीच्या भरवशावर उभारलेल्या शेडमध्ये ती तक्ते घेऊन येतात. वडिलांना वाटते, कागदाने कधी बीड ओतले आहे का? मुलांना वाटते, वडील ऐकतच नाहीत. दोघांचेही थोडे बरोबर असते. मेस्त्रीच्या मुठीतील अंदाज आकड्यात उतरवून घेण्यासाठी मेस्त्रीला मान द्यावा लागतो, आणि तो मान वडिलांनी दिलेला असतो, मुलांनी अजून कमवायचा असतो. जेथे नव्या पिढीने पहिली सहा महिने प्रयोगशाळेऐवजी वाळूच्या यंत्राशेजारी काढली, तेथे तक्ते टिकण्याची शक्यता जास्त असते.

रात्रीचे दोन वाजलेले आहेत. जुलैचा पाऊस पत्र्यावर कोसळतो आहे. ओलाव्याचे टिंब सलग तिसऱ्यांदा वर चढून रेषेला टेकले आहे. भट्टीत रस तयार आहे, सकाळी सहाला पुण्याची गाडी भरायची आहे. पाळीवरील पर्यवेक्षक मालकाला फोन लावतो. ‘‘अण्णा, वाळू ओली लागतीया. थांबवू का वतू?’’ पलीकडे क्षणभर शांतता असते. गाडी चुकली तर ग्राहकाला काय सांगायचे, थांबलेल्या भट्टीची वीज किती, हा हिशेब झोपेतही होतो. मग अण्णा म्हणतात, ‘‘थांबीव. वाळू नीट कर, मग वत. गाडीचं मी बघतो. आणि हे बघ, पुढल्या खेपेला मला इचारत बसू नगंस.’’